पाच मुलं आणि एक बाक

माझ्या भाषेचं म्हणणं होतं की पाच मुलं एका बाकावर एकाच प्रकारे बसू शकतात. चार मुलंही एकाच प्रकारे, तीनही एकाच प्रकारे. दहा मुलं बसवून बघितली, तरी उत्तर एक.

"तुझ्या वर्गात तसंच तर असायचं," आमचे हे म्हणाले. मान वर न करता, हातातला धावदोरा चालू ठेवून.

हे म्हणजे माझे नवरोबा. शिंपी. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण मशीन आणि कापायचं लांबलचक टेबल त्यांनी घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ते टेबल आहे. त्याच्या एका टोकाला त्यांचं कापड आणि कात्री, दुसऱ्या टोकाला माझा कॉम्प्युटर. मधे सीमारेषा म्हणून लाकडी पट्टी ठेवलेली असते. ती रोज थोडी थोडी माझ्या बाजूला सरकते, असा माझा आरोप आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर मला दिला आणि म्हणाली, "आई, प्रोग्रॅमिंग शिक, तुला आवडेल." ती त्याच धंद्यात आहे, मोठ्या कंपनीत. मी शिकले, आणि आवडलंही. फक्त एक गोष्ट खटकायची. काही चुकलं की पडद्यावर असे काही शब्द यायचे, जणू शेजाऱ्याच्या अंगणात कचरा टाकताना पकडलंय. काय चुकलं, कुठे चुकलं, आता काय करावं, कशाचाच पत्ता नाही. मी एकतीस वर्षांत एकाही पोराला नुसतं 'चूक' म्हणून वही परत दिली नाही. तेव्हा मनात आलं की आपली स्वतःचीच एक भाषा करावी. कॉम्प्युटरला कामं सांगायची, पण आपल्या शब्दांत, आणि चुकलं तर तो नीट समजावून सांगेल अशी.

हे ऐकायला मोठं वाटतं. तितकं नाही. कॉम्प्युटरला एक प्रोग्रॅम आधीच येत असलेल्या भाषेत लिहून द्यायचा. तो प्रोग्रॅम तुमची ओळ वाचतो, तिचे शब्द सुटे करतो, कोणता शब्द कामाचा आणि कोणता संख्येचा हे ओळखतो आणि सांगितलेलं काम करतो. पहिल्या दिवशी माझ्या भाषेला फक्त बेरीज येत होती. 'दोन आणि तीन मिळव' असं मी लिहिलं आणि खाली पाच उमटला. पाच मी आयुष्यात हजारो वेळा पाहिलाय. पण त्या पाचाकडे मी चहा गार होईपर्यंत बघत बसले होते.

भाषेचं नाव ठेवलं 'रीत'. कारण ती नुसतं उत्तर देत नाही. ते कसं आलं तेही पायरी पायरीने लिहून दाखवते. पेपर तपासतानाचं माझं एक वाक्य मुलं नक्कल करून दाखवायची: "उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे?" तेच मी यंत्राला लावलं. त्यामुळे ती फार हळू चालते. लेक एकदा म्हणाली, "आई, ही भाषा काठी टेकत चालते." मी म्हटलं, "चालते ना, मग झालं."

तीन वर्षं हे चाललंय. कुणी वापरत नाही. ह्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "ही तुझी भाषा बोलणार कोण?"

"मी."

"आणि?"

"कॉम्प्युटर."

"म्हणजे भांडायला दोघं झाली. पुरे."

तर, बाकाचं गणित. पाच मुलं बाकावर किती प्रकारे बसतील? पहिल्या जागेवर पाचांपैकी कुणीही बसेल. मग उरली चार मुलं आणि चार जागा. म्हणजे तोच प्रश्न, फक्त एकाने लहान. त्याचं उत्तर काढायचं आणि पाचाने गुणायचं. चाराचं उत्तर हवं तर तिनाचं काढा, तिनासाठी दोनाचं. एक मूल उरलं की ते एकाच प्रकारे बसतं, तिथे थांबायचं, आणि गुणत गुणत परत वर यायचं. एकशेवीस.

यातली गंमत अशी की काम स्वतःलाच काम सांगतं. ज्या भाषेला हे जमतं ती खरी वयात आली, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. माझ्या रीतला ते जमेना. अकरा आठवडे मी त्याच्या मागे होते. रीतने दाखवलेल्या पायऱ्या मला तोंडपाठ झाल्या होत्या. पाच, चार, तीन, दोन, एक, हे ती अगदी शहाण्यासारखं उतरायची. आणि मग 'एक गुणिले एक बरोबर एक' असं चार वेळा लिहून मोकळी. माझी खात्री होती की ही खाली उतरते, पण परत वर येतच नाही, शेवटच्या पायरीवर घुटमळते. म्हणून मी परतीची वाट तपासत होते. ती वाट मी तीन वेळा पूर्ण उसवून पुन्हा शिवली. तरी एकच.

आणि गुरुवारी लेक चार दिवसांसाठी येणार होती.

लेक येणार याचा आनंदच होता. पण ती यायच्या आत मला ती चूक सापडायला हवी होती. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी अशीच ती आली होती आणि मी कंसांच्या एका भानगडीत अडकले होते. मी चहा टाकायला आत गेले. आधण येईपर्यंत तिने चार ओळी बदलल्या आणि सगळं चालायला लागलं. तिने प्रेमानेच केलं. पण त्या चार ओळी माझ्या घरात पाहुण्यासारख्या झाल्या. त्यांना हलवायला भीती वाटते, त्या काय करतात ते विचारायला संकोच वाटतो. बाकी सगळ्या भाषेत मी दिवा न लावता फिरू शकते. तिथे आले की चाचपडते. ही बाकाची चूक जर तिने काढली, तर भाषेचं काळीजच पाहुण्याचं होणार होतं. मग 'माझी भाषा' म्हणायला तोंड कुठून आणू?

बुधवारी संध्याकाळपर्यंत उत्तर एकच होतं.

गुरुवारी दुपारी लेक आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि थेट टेबलाकडे. "दाखव बघू, कुठवर आलं तुझं?"

"आधी हातपाय तर धू."

"धुते गं. काय अडलंय? बाबा फोनवर म्हणाले की तू जेवताना बाक बाक करतेस."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवण्यात फारच गुंग झाले.

"बघ," मी म्हटलं, "पण एक अट. चूक दिसली तरी सांगायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगायची नाही. हात लावायचा नाही. सूचक खोकायचं नाही."

तिला वाटलं मी गंमत करतेय. बसली, माझा प्रोग्रॅम वरपासून वाचायला लागली. तिचं वाचणं मी लहानपणापासून ओळखते. भुवया वर, ओठ किंचित हलतात. मन लावून वाचत होती. मधेच हसली. चुकल्यावर रीत जे बोलते ती वाक्यं तिच्या नजरेस पडली असणार. 'सातव्या ओळीत तू भागाकार सांगितलास, पण शून्याने. शून्य जणांत लाडू वाटता येतात का, विचार कर.' अशी दोनशेच्या वर वाक्यं मी लिहिली आहेत. भाषा करण्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम ते.

मग एका जागी तिचं बोट थांबलं. पुन्हा एकदा वर गेलं, खाली आलं.

"हं," ती म्हणाली.

"कळलं तुला," मी म्हटलं.

"कुठे काय?"

"तू 'हं' केलंस."

"आई, माणूस 'हं' पण करू शकत नाही का?"

"दहा मिनिटं," ह्यांनी घड्याळ बघून जाहीर केलं. "बाईंना अकरा आठवडे. छकूला दहा मिनिटं." हे मला बाई म्हणतात, माझ्या विद्यार्थ्यांसारखे. आणि अडतीस वर्षांच्या लेकीला छकू.

"बाबा, आगीत तेल ओतू नका," लेक म्हणाली. "आई, एक ओळ आहे. एका वाक्यात सांगते आणि आपण फिरायला जाऊ."

"नाही."

"अगं पण का?"

"तुला लहानपणी मी कधी उत्तर सांगितलं होतं?"

हे मी बोलून गेले आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "नाही. कधीच नाही. सगळ्या मैत्रिणींच्या आया सांगायच्या. मी त्या टाक्या भरायच्या गणितांवर रडायचे आणि तू शेजारी बसून मटार सोलायचीस."

"आणि सुटली ना शेवटी?"

"सुटली. पण माझा तुझ्यावरचा राग अजून सुटलेला नाही."

"मग आता सूड घे," ह्यांनी सुचवलं. "गप्प बस. तिला रडू दे. मटार मी आणतो."

लेकीला ते पटलं असावं. ती गप्प बसली. पण गप्प बसणं तिला कुठून जमणार? शुक्रवारी सकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसले की ती पाठीमागून जायची, पडद्याकडे बघायची आणि उसासा टाकून स्वयंपाकघरात. जेवताना मी म्हटलं, "परतीच्या वाटेवर मला एक शंका आहे," तर तिने घास तोंडात असतानाच डोळे मिटून घेतले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. मिरची लागली." भाजीत मिरची नव्हती.

दुपारी तिने वडिलांना गाठलं. मी आतल्या खोलीत, दाराच्या पडद्याआड कपड्यांच्या घड्या करत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मी तुम्हाला सांगते. तुम्ही तिला हळूच सांगा. तुम्हाला सुचलं असं म्हणा."

"मला नको. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"म्हणूनच तर."

"छकू, ऐक. एकदा एका गिऱ्हाइकाचा कोट मी तीनदा उसवला होता. खांद्यात बसेना. शेजारच्या दुकानदाराने ओरडून सांगितलं, अमुक ठिकाणी कापड कमी पडतंय. बरोबर होतं त्याचं. कोट झकास बसला. पण आजही तो कोट आठवला की मला तो दुकानदारच आठवतो. स्वतःचा कोट म्हणून आठवतच नाही."

मग मशीनचा आवाज सुरू झाला. पलंगावर एकाच रुमालाची मी चार वेळा घडी घातली.

शनिवारी सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा गंभीर. "आई, प्रश्न विचारायला परवानगी आहे का?"

"कसला प्रश्न?"

"तुझाच नियम आहे. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही, पण ज्याचं उत्तर मुलाला आधीच माहीत आहे असा एक प्रश्न विचारायचा. एकच."

नियम माझाच होता, नाही कसं म्हणणार? "विचार."

"थांब. अजून ठरला नाही."

आणि खरंच, ती दीड तास गॅलरीत येरझारा घालत होती. मधेच कागदावर काहीतरी लिहायची, खोडायची. एकदा आत येऊन म्हणाली, "हे फार अवघड आहे गं. जो प्रश्न सुचतो त्यात उत्तर लपलेलं असतं." मी म्हटलं, "हो ना." मग ती म्हणाली, "तू रोज बावन्न पोरांसाठी हे करायचीस?" मला बरं वाटलं. इतकं बरं मला निरोप समारंभाच्या भाषणांनीही वाटलं नव्हतं.

शेवटी ती आली. "ठरला. आई, एखाद्या मुलाला पायऱ्या कळत होत्या, पण उत्तर चुकायचं आणि का ते कळायचं नाही, तेव्हा तू काय करायचीस?"

"काय करायचे म्हणजे? फळ्यापाशी उभं करायचे. तिघाचौघांना बोलवून गणित माणसांकडून करून घ्यायचे. कागदावर चूक लपते, माणसांत लपत नाही."

ती नखं बघत राहिली.

"अहो," मी ह्यांना हाक मारली, "जरा मशीन थांबवा. तुम्ही आता कॉम्प्युटर आहात."

"पगार?"

"चहा."

तीन मुलांचं गणित घेतलं, कारण आम्ही तिघं होतो. ह्यांनी काळ्या कापडाचा एक तुकडा टेबलावर अंथरला, हातात मापं आखायचा पांढरा खडू दिला. कापड म्हणजे फळा. माझ्या भाषेत फळा आहे. कोणत्या नावाखाली कोणती संख्या आहे हे रीत तिथे लिहून ठेवते. नवी संख्या आली की जुनी पुसायची आणि तिथेच नवी लिहायची. वर्गात मी तेच करायचे. कोपऱ्यात चौकोन आखून 'मुलं बरोबर तीन' असं लिहायचं, बदललं की पुसून दोन.

"नियम एकच," मी बजावलं. "यंत्राला डोकं नसतं. फळ्यावर जे दिसेल तेच वाचायचं. मनातलं काही वापरायचं नाही."

"मला जड जाणार नाही," हे म्हणाले.

मी पहिली. कापडावर लिहिलं, 'मुलं ३'. तीन म्हणजे एक नाही, तेव्हा मला उरलेल्या दोन मुलांचं उत्तर हवंय. ते काम मी ह्यांना दिलं आणि थांबले. ह्यांनी माझा तीन तळहाताने पुसला, दोन लिहिला. दोन म्हणजे एक नाही, तेव्हा एका मुलाचं काम त्यांनी लेकीला दिलं. लेकीने दोन पुसून एक लिहिला. एकच मूल, तेव्हा एकच प्रकार. "उत्तर एक," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून खुर्चीत मागे टेकली.

आता हे. "छकूने मला एक दिला. तो माझ्या मुलांच्या संख्येने गुणायचा. माझी मुलं..." त्यांनी कापडाकडे पाहिलं. "माझे दोन होते की इथे."

"मनातलं नाही," मी दटावलं. "फळ्यावर काय आहे?"

"एक."

"मग एक वाचा."

"एक गुणिले एक, एक. घ्या बाई." त्यांनी पडेल चेहऱ्याने उत्तर माझ्याकडे दिलं.

माझी पाळी. मिळालेला एक माझ्या संख्येने गुणायचा. मी तोंड उघडलं, तीन म्हणायला. 'ती' एवढं बाहेरही पडलं.

आणि मी कापडाकडे पाहिलं. तिथे एक होता.

तीन माझ्या डोक्यात होते. फक्त माझ्या डोक्यात. फळ्यावरचे तीन ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पुसले होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रीत परत वर येत होती. पहिल्या दिवसापासून अगदी नीट, एकेक पायरी चढून येत होती. पण वर आल्यावर तिची संख्या कुणीतरी पुसलेली असायची. मी अकरा आठवडे जिना दुरुस्त करत होते आणि बिघाड जिन्यात नव्हताच.

ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," मी म्हटलं. "माझं. मी कुणाला वह्याच दिल्या नाहीत."

एकतीस वर्षं माझ्या वर्गात एक फळा होता, म्हणून मी यंत्रालाही एक फळा दिला. पण वर्गात फळ्याच्या समोर बावन्न वह्या असतात, हे मात्र साफ विसरले. शिकवणाऱ्याला फळाच दिसतो. पोरांना गणित घातलं की प्रत्येक जण आपापल्या वहीत सोडवतो, आणि एकाने खोडलं म्हणून दुसऱ्याचं पुसलं जात नाही. काम जितक्या वेळा सांगाल, तितक्या वह्या द्यायला हव्यात. ज्याची वही त्याची संख्या. काम संपलं की वही मिटायची.

हे सगळं मी मोठ्याने बोलत असणार, कारण लेकीने हळूच विचारलं, "आता बोलू?"

"बोल."

ती उठली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "गुरुवारी दुपारपासून मी तोंड दाबून धरलंय." मग ह्यांच्याकडे वळून, "बाबा, तुम्ही काय सुंदर पुसलंत ते तीन."

"पुसायला अक्कल लागत नाही," हे म्हणाले, "पण हात सराईत हवा. चहाचं काय झालं?"

वह्या करायला मला शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार लागला. बोलायला सोपं, पण फळा सगळ्या भाषेत पसरलेला होता. एक धागा ओढला की भलतीकडे चुणी पडायची. रविवारी सकाळी तर रीतला साधी बेरीजही येईनाशी झाली. लेक शेजारी पाय वर घेऊन पुस्तक वाचत होती, पान मात्र फार वेळाने उलटत होती. एकदाही मधे पडली नाही. तिच्या त्या जुन्या चार ओळींपाशी मी आले, तेव्हा कळलं की वह्या द्यायच्या तर त्यांनाही हात लावावाच लागेल. मी त्या वाचल्या, कागदावर एकेक पायरी लिहून काढली, आणि काय करतायत ते समजल्यावर माझ्या पद्धतीने पुन्हा लिहिल्या. चाराच्या सात ओळी झाल्या. लेकीला दाखवल्या.

"माझ्या चारच होत्या," ती म्हणाली.

"माझ्या सात आहेत."

"वाचायला बऱ्या आहेत," तिने कबूल केलं.

रविवारी चार वाजता मी तीन मुलं बाकावर बसवली. सहा. चार मुलं. चोवीस. पाच. खाली पायऱ्या उमटत गेल्या, दोन, सहा, चोवीस, आणि शेवटी एकशेवीस. टेबलाच्या त्या टोकाला मशीन थांबलं होतं.

"एकशेवीस बरोबर आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग रडतेस कशाला?"

"मी कुठे रडतेय?"

मग मला हुक्की आली. मी सबंध वर्ग बसवला, बावन्न मुलं, बावन्न जागा. एवढ्या मोठ्या संख्यांपुढे पुष्कळ भाषा हात टेकतात, पण रीतला मी गुणाकार शाळेतल्यासारखा शिकवलाय, आकड्याखाली आकडा, हातचा धरून. ती कितीही लांब गुणत बसते. काठी टेकत बराच वेळ चालली आणि मग पडद्यावर एक संख्या आली, अडुसष्ट आकडी. आम्ही तिघांनी बोट ठेवून मोजली. वाचायला नाव नाही, लिहायला एक ओळ पुरत नाही.

ती संख्या मी रीतमध्ये कधी घातली नव्हती. मला ती माहीतही नव्हती. मी फक्त 'एकाने कमी करून पुन्हा विचार' एवढंच सांगितलं होतं, आणि मीच केलेल्या गोष्टीने मला न ठाऊक असलेलं मला सांगितलं. मुलं शिकवताना असा दिवस वर्षाकाठी एखादाच येतो, पोर असा काही प्रश्न विचारतं की आपणच खुर्चीत ताठ बसतो. तसं झालं.

"एवढ्या प्रकारे बसता येत होतं," लेक म्हणाली, "आणि तू वर्षभर सगळ्यांना त्याच त्या जागी बसवायचीस."

"हजेरी घ्यायला सोपं पडायचं," मी म्हटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी फिरायला गेलो. ती म्हणाली, "आई, तुला हेवा वाटण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण मला तुझा वाटतो." मी विचारलं, कशाचा? म्हणाली, "माझ्या ऑफिसात आम्ही तीनशे जण एकाच प्रोग्रॅमवर काम करतो. माझ्या वाट्याला त्याचा एक कप्पा. बाकीचं कुणी केलं, का केलं, मला ठाऊक नाही. सहा वर्षांत मी एकही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून घेतली नाही. तुझी भाषा हळू आहे, लंगडी आहे, पण तुला तिचा कोपरा न् कोपरा माहीत आहे."

"मग तूही एक कर," मी म्हटलं. "लहानशी."

"कशासाठी?"

"कशासाठी नाही, म्हणूनच कर."

ती हसली. पुढे कोपऱ्यापर्यंत तिच्या भुवया वर गेलेल्या होत्या आणि ओठ किंचित हलत होते.

सोमवारी सकाळी निघताना पिशवी खांद्याला लावून ती दारात घुटमळली. "आई, एक सांगू? उत्तर नाही, फक्त माहिती."

"सांग."

"त्या दिवशी वाचताना मला बाकाची सोडून अजून तीन चुका दिसल्या होत्या."

हे मशीनवरून उठून उभे राहिले. मी हात वर केला. "कुठे ते सांगू नकोस. किती ते सांगितलंस, तेवढं पुरे."

"लहान आहेत, पण छान आहेत," ती म्हणाली. "मजा येईल तुला."

ती गेली त्याला आता पाच आठवडे झाले. मला चार सापडल्या आहेत. म्हणजे एक तिलाही दिसली नव्हती. ती कोणती, हे ती रोज फोनवर विचारते, आणि मी तिला सांगत नाही.